पुराच्या पट्ट्यातलं घर सरकारला विकताना : वाचकांचे प्रश्न

या खेपेची बहुतेक पत्रं न्यू जर्सीतल्या नदीकाठच्या गावांतून आली आहेत, काही ह्यूस्टनहून. सगळ्यांचा विषय एकच, बायआउट. म्हणजे वारंवार पाणी शिरणारं घर सरकारी संस्थेनं बाजारभावानं विकत घ्यायचं, पाडायचं आणि ती जागा कायमची मोकळी ठेवायची. हा खरेदी-विक्रीचा व्यवहार आहे. नुकसानभरपाई समजून जे यात उतरतात त्यांचा हिशेब हमखास चुकतो, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न : आयडा वादळात आमच्या मॅनव्हिलच्या घरात पहिल्या मजल्यावर पाणी आलं. बायआउटसाठी फेमाकडे अर्ज कुठे करायचा? त्यांच्या वेबसाइटवर फॉर्मच सापडत नाही.

फॉर्म सापडत नाही, कारण घरमालकासाठी तसा फॉर्म नाहीच. फेमा, म्हणजे केंद्राची आपत्ती व्यवस्थापन संस्था, घरं विकत घेत नाही, फक्त पैसा पुरवते. घरमालकानं पालिकेला किंवा राज्याच्या संस्थेला आपली इच्छा कळवायची, त्यांनी अनेक घरं मिळून एक प्रकल्प तयार करायचा, राज्यानं तो तपासून फेमाकडे पाठवायचा, असा हा रस्ता आहे. घर विकत घेणारी, पाडणारी आणि पुढे जमीन सांभाळणारी संस्था स्थानिक किंवा राज्याचीच असते.

न्यू जर्सीत हे काम राज्याच्या पर्यावरण खात्याचा ‘ब्ल्यू एकर्स’ विभाग करतो. १९९५ च्या बाँड कायद्यातून तो सुरू झाला आणि २०१२ च्या सँडी वादळानंतर मोठा झाला. इथे घरमालक थेट नाव नोंदवू शकतो, पण पालिकेचा पाठिंबा आहे का आणि आजूबाजूची किती घरं तयार आहेत, हे पाहिलं जातं. एकटं घर घेऊन राज्याचा फारसा फायदा नसतो, कारण रस्ता, पाण्याची लाइन, सांडपाणी सगळं बाकीच्या घरांसाठी चालू ठेवावंच लागतं. शेजारची पाच-सहा घरं मिळून गेलात तर तुमची फाइल वेगळ्या नजरेनं पाहिली जाते. वूडब्रिजमध्ये सँडीनंतर वॉटसन-क्रॅम्प्टन भागातली घरं अशीच गटानं घेतली गेली आणि पालिकेनं त्या भागाचं झोनिंगही बदललं.

पालिका टाळाटाळ करते त्याचं कारण बहुतेक वेळा प्रॉपर्टी टॅक्स असतं. घर गेलं की त्यावरचा कर गेला. अशा वेळी मेयरला भेटण्याआधी पालिकेचा फ्लडप्लेन अॅडमिनिस्ट्रेटर आणि आपत्कालीन व्यवस्थापनाचा समन्वयक, या दोघांना भेटा. मागच्या पुरात बोटीनं किती कुटुंबं काढावी लागली, रस्ता किती वेळा बंद झाला, याची नोंद त्यांच्याकडे असते आणि कराच्या मुद्द्याला तेच उत्तर असतं.

पैसा कोणत्या खात्यातून येणार, हे पहिल्याच भेटीत विचारा, कारण पुढचे सगळे नियम त्यावर ठरतात. मोठी आपत्ती जाहीर झाल्यावर राज्याला मिळणाऱ्या फेमाच्या निधीत साधारण ७५ टक्के वाटा केंद्राचा असतो, उरलेला २५ टक्के राज्य, पालिका किंवा अन्य मार्गानं उभा करायचा. फ्लड मिटिगेशन असिस्टन्स, म्हणजे एफएमए, ही दुसरी योजना. तिच्यात वारंवार क्लेम झालेल्या घरांना केंद्राचा वाटा ९० टक्क्यांपर्यंत आणि अतिवारंवार नुकसान झालेल्यांना १०० टक्क्यांपर्यंत जातो. मात्र या योजनेसाठी घरावर राष्ट्रीय पूर विमा योजनेची, म्हणजे एनएफआयपीची, पॉलिसी चालू असावी लागते. ‘घर विकायचंच आहे, मग प्रीमियम कशाला भरू’ म्हणून पॉलिसी बंद करणारे स्वतःच्या हातानं हे दार लावून घेतात.

केंद्राच्या पैशाची हमी सध्या कोणी देऊ नये. एप्रिल २०२५ मध्ये फेमानं ‘ब्रिक’ ही आपत्तीआधीच्या प्रतिबंधक कामांना पैसा देणारी योजना बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि त्यावर राज्यं कोर्टात गेली. ब्ल्यू एकर्सकडे राज्याचा स्वतःचा निधीही असतो, म्हणून न्यू जर्सीतल्या वाचकांनी दोन्ही बाजूंची चौकशी एकाच वेळी करावी.

प्रश्न : आमचं आणि शेजाऱ्यांचं घर एकाच मापाचं, एकाच वर्षी बांधलेलं. बायआउटमध्ये त्यांच्या हातात आमच्यापेक्षा पन्नास हजार डॉलर जास्त आले. हे कसं?

दोन्ही घरांची किंमत बहुधा सारखीच लागली असेल. फरक वजावटीत पडतो.

किंमत परवानाधारक अप्रेझर ठरवतो. ती आजची बाजारभावाची असू शकते किंवा पुराच्या आदल्या दिवशीची. पुरानंतर भाव पडलेले असतात, त्यामुळे अर्थातच पुराआधीची किंमत हवी. ती मिळण्यासाठी पूर आला तेव्हा घर तुमच्या नावावर असायला हवं. पुरानंतर स्वस्तात घेऊन, नवं ड्रायवॉल लावून विकलेलं घर ज्यांनी घेतलं, त्यांना त्या पुराआधीच्या किमतीचा हक्क नाही. (व्हिसाचीही एक अट आहे, ती पुढच्या उत्तरात.)

मग वजावट सुरू होते. एकाच नुकसानीसाठी सरकारी पैसा दोनदा द्यायचा नाही, हे तत्त्व. घराच्या बांधकामासाठी पूर विम्याकडून किंवा फेमाकडून दुरुस्तीचे म्हणून जे पैसे मिळाले ते किमतीतून वजा होतात. पण ते पैसे खरोखर दुरुस्तीवरच खर्च केल्याचं दाखवलंत तर तेवढी वजावट होत नाही.

हिशेब मांडून दाखवतो. पुराआधीची किंमत ४ लाख २० हजार डॉलर. विम्यानं बांधकामासाठी ९० हजार दिले. पावत्या निघाल्या ५५ हजारांच्या. म्हणजे ३५ हजार वजा, ऑफर ३ लाख ८५ हजारांची. मॉर्गेजचे २ लाख ६० हजार शिल्लक असतील तर ते क्लोजिंगलाच, म्हणजे व्यवहार पूर्ण होतानाच, बँकेकडे जातात. हातात उरले सव्वा लाख. शेजाऱ्यांकडे पूर्ण ९० हजारांच्या पावत्या असत्या तर त्यांना ३५ हजार जास्त मिळाले असते. त्यात मॉर्गेजची शिल्लक कमी असेल तर पन्नास हजारांचा फरक सहज पडतो.

सामानासाठी मिळालेला क्लेम, म्हणजे सोफा, टीव्ही, कपडे, घराच्या किमतीतून वजा होत नाही. पूर आल्यावर तात्पुरत्या भाड्याच्या घरासाठी मिळालेली मदतही नाही. त्या वेगळ्या कारणासाठी आहेत. विम्याच्या कागदावर बांधकाम आणि सामान यांचे आकडे वेगवेगळे असतात, ते वेगळेच ठेवा. दोन्हींची बेरीज करून एकच आकडा सांगितला तर वजावट फुगते आणि नंतर ती खाली आणायला महिने जातात.

पावत्यांमध्ये होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. ओळखीच्या कंत्राटदाराला रोख पैसे दिले आणि कागद घेतला नाही. होम डेपोच्या थर्मल कागदाच्या पावत्या वर्षभरात कोऱ्या झाल्या. बेसमेंट भावानं आणि मित्रांनी मिळून साफ केलं, त्या मजुरीचे पैसे धरून ठेवले होते, पण स्वतःच्या मेहनतीचा हिशेब धरला जात नाही, विकत आणलेल्या साहित्याचा धरला जातो. तेव्हा प्रत्येक पावतीचा त्याच दिवशी फोटो काढा, पैसे चेकनं किंवा कार्डानं द्या आणि बिलावर घराचा पत्ता लिहून घ्या. दुसऱ्या पत्त्यावरच्या किंवा पत्ताच नसलेल्या बिलांवर शंका घेतली जाते.

स्मॉल बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशनचं, म्हणजे एसबीएचं, आपत्ती कर्ज ‘बिझनेस’ नावाचं असलं तरी घरमालकांनाही मिळतं आणि अनेकांनी घेतलेलं असतं. घरावर बोजा असलेलं ते कर्ज क्लोजिंगला फेडलं जातं. ते मदत म्हणून मिळालं होतं अशी समजूत असेल तर ती आताच काढून टाका.

अप्रेझल कमी वाटलं तर त्याला आव्हान देता येतं. त्यासाठी स्वतःच्या खर्चानं दुसऱ्या परवानाधारक अप्रेझरकडून अहवाल घ्यावा लागतो. नुसतं ‘झिलोवर जास्त दाखवतंय’ चालत नाही. पहिला अहवाल मागवून त्यात खोल्या, बाथरूम, चौरस फूट बरोबर आहेत का ते पाहा. पुरानंतर आत फक्त उघडे खांब उरलेले असतात, त्यामुळे पूर्वीचं स्वयंपाकघर कसं होतं हे अप्रेझरला कळायला मार्ग नसतो. घर विकत घेताना लिस्टिंगवर असलेले फोटो, वाढदिवसाच्या फोटोंत मागे दिसणारी कॅबिनेटं, पुनर्बांधणीची परमिटं, हे सगळं अप्रेझरच्या भेटीआधी द्या. परमिटशिवाय केलेल्या बेसमेंटचे पैसे मिळतील अशी आशा ठेवू नका.

प्रश्न : आम्ही दोघंही एच-वन-बीवर आहोत. ग्रीन कार्डचा अर्ज २०१६ पासून रांगेत आहे. घर आमच्या नावावर आहे, कर भरतो, विमा आहे. बायआउटमध्ये काही अडचण येईल का?

घर विकायला अडचण नाही. अडचण किमतीत आहे, आणि आपल्या लोकांना ही गोष्ट सहसा उशिरा कळते.

फेमाच्या नियमांनुसार (४४ सीएफआर, भाग ८०) पुराआधीची किंमत फक्त अमेरिकन नागरिक किंवा ‘क्वालिफाइड एलियन’ या व्याख्येत बसणाऱ्यांनाच देता येते. ग्रीन कार्डधारक, निर्वासित, आश्रय मिळालेले लोक या व्याख्येत येतात. एच-वन-बी, एच-फोर, एल-वन येत नाहीत. आय-१४० मंजूर असणं, आय-४८५ दाखल असणं, त्यावर वर्क परमिट मिळणं, यांतल्या कशानंही फरक पडत नाही. कर किती वर्षं भरला, हा मुद्दाच नियमात नाही. अशा मालकांना ऑफर आजच्या बाजारभावानं येते. पुरात जबर नुकसान झालं असेल आणि दुरुस्ती झाली नसेल तर तो आकडा बराच खाली असू शकतो.

आपण नागरिक किंवा ‘क्वालिफाइड एलियन’ आहोत का, याचं प्रमाणपत्र अर्जाच्या टप्प्यावरच भरून घेतलं जातं. तिथे चुकीची खूण करू नका. नागरिकत्वाबद्दलचं चुकीचं विधान पुढे ग्रीन कार्डाच्या वाटेत उभं राहतं.

तुमच्यासमोर व्यवहारात दोन वाटा उरतात. एक, पैसा निव्वळ राज्याचा असेल तर तिथे हाच नियम लागतो का, हे लेखी विचारा. दुसरी, दुरुस्ती व्यवस्थित करून पावत्या जपल्या असतील तर आजची किंमतही ठीकठाक येते, कारण अप्रेझर घर जसं उभं आहे तसं पाहतो. जोडीदारांपैकी एकाला ग्रीन कार्ड मिळालं असेल आणि घर दोघांच्या नावावर असेल तर ते अर्जाच्या वेळीच केस मॅनेजरला सांगा. घाईघाईनं डीडवर, म्हणजे मालकीच्या दस्तावर, नावं बदलू नका. पुरानंतर बदललेली मालकी दुसराच प्रश्न उभा करते.

प्रश्न : बायआउट होईल की नाही माहीत नाही. तोवर घर दुरुस्त करायचं की तसंच ठेवायचं?

वाळवणं लगेच, बाकी बेतानं.

ओल्या भिंतींवर २४ ते ४८ तासांत बुरशी धरते. पाणी चढलं होतं त्याच्या वरपर्यंत ड्रायवॉल आणि इन्सुलेशन काढणं, वाळवणं, बुरशी साफ करणं, वीज आणि हीटिंग सुरक्षित करणं, यात थांबून काही साधत नाही. क्वार्ट्झचा काउंटर आणि हार्डवूडची जमीन मात्र निर्णय होईपर्यंत लांबवा.

बायआउटला किती वेळ लागतो, याची कल्पना असू द्या. नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स काउन्सिलनं २०१९ मध्ये फेमाच्या पैशानं झालेल्या बायआउटचा अभ्यास केला, त्यात पुरापासून प्रकल्प पूर्ण होईपर्यंतचा मध्यम काळ पाच वर्षांहून जास्त निघाला. राज्याच्या निधीतून काम लवकर होऊ शकतं. तरी एक-दोन हिवाळे त्या घरात किंवा भाड्याच्या जागेत काढायची तयारी हवी. या काळात मॉर्गेजचे हप्ते, प्रॉपर्टी टॅक्स, विमा, सगळं चालू ठेवायचं असतं. बायआउटच्या यादीत नाव आहे म्हणून बँक थांबत नाही.

पालिकेकडून ‘सबस्टॅन्शियल डॅमेज’चा निर्णय लेखी मिळवा. दुरुस्तीचा खर्च इमारतीच्या पुराआधीच्या किमतीच्या (जमीन सोडून) ५० टक्के किंवा जास्त असेल तर हा शिक्का बसतो. पुष्कळ जण तो टाळायला धडपडतात, कारण त्यानंतर घर आजच्या पूरनियमांप्रमाणे उंच केल्याशिवाय दुरुस्तीचं परमिट मिळत नाही. बायआउट हवं असेल तर मात्र हेच पत्र उपयोगी पडतं. नदीकाठच्या अधिकृत पूरक्षेत्रातलं, असा शिक्का बसलेलं घर फेमाच्या हिशेबात आपोआप किफायतशीर ठरतं, खर्च-लाभाचं वेगळं गणित मांडावं लागत नाही. शिवाय पूर विम्यात ‘इन्क्रीझ्ड कॉस्ट ऑफ कम्प्लायन्स’ नावाचं ३० हजार डॉलरपर्यंतचं संरक्षण असतं. ते घर उंच करणं, हलवणं किंवा पाडणं यासाठी मिळतं आणि राज्याला भराव्या लागणाऱ्या २५ टक्क्यांच्या वाट्यातही वापरता येतं. अॅडजस्टर ते आपणहून सांगेल याची वाट पाहू नका.

प्रश्न : ह्यूस्टनमध्ये आमच्या रस्त्यावर बायआउटची पत्रं आली आहेत. आम्हाला जायचं नाही. सरकार जबरदस्ती करू शकतं का?

पत्र कोणाचं आहे ते पाहा.

फेमाच्या पैशातलं बायआउट ऐच्छिकच असतं. मालकानं ‘स्वेच्छेनं सहभाग’ असल्याच्या पत्रावर सही करायची असते आणि मालक नाही म्हणाला तर जमीन सक्तीनं ताब्यात घेणार नाही, असं संस्थेनं लेखी द्यायचं असतं. क्लोजिंगच्या टेबलापर्यंत तुम्ही नाही म्हणू शकता. हॅरिस काउंटी फ्लड कंट्रोल डिस्ट्रिक्टचा १९८५ पासून चालत आलेला कार्यक्रम अशाच ऐच्छिक व्यवहारांचा.

केंद्राच्या गृहनिर्माण खात्याचा आपत्ती निधी वेगळा. त्यातून सक्तीचं संपादनही होऊ शकतं आणि हार्वे वादळानंतर हॅरिस काउंटीनं काही ठरावीक वस्त्यांसाठी सक्तीचा बायआउट कार्यक्रम खरोखरच आणला. तिथे तुम्हाला १९७० च्या युनिफॉर्म रिलोकेशन कायद्याचं संरक्षण मिळतं. त्यात स्थलांतराचा खर्च आणि तशाच दर्जाच्या दुसऱ्या घरासाठी लागणारी फरकाची रक्कम येते. हे हक्क ऐच्छिक विक्रीत मालकाला तसे मिळत नाहीत. म्हणून पत्रात ‘व्हॉलंटरी’ लिहिलंय की ‘मँडेटरी’, हे वाचल्याशिवाय कशावरही सही करू नका.

मागे राहायचं ठरवलंत तरी शेजारी गेल्यावर काय होतं, याचा विचार करा. आजूबाजूचे प्लॉट रिकामे, गवत कापायला कोणी येतं-न येतं, रस्त्यावर दिवे कमी, आणि पुढच्या पुरात मदत यायला उशीर. चार घरं गेली, दोन राहिली, मग तीन गेली, असं झालेल्या वस्तीत शेवटच्या घराला गिऱ्हाईक मिळत नाही. आमच्या मते वस्तीतली निम्म्याहून अधिक घरं जाणार असतील तर एकट्यानं राहण्याचा हट्ट महागात पडतो. पण तो निर्णय तुमचा, सरकारचा नाही. निदान फेमाच्या पैशात तरी नाही.

प्रश्न : घर माझ्या आणि माझ्या भावाच्या नावावर आहे. भाऊ आता पुण्याला परतला आहे. त्याला क्लोजिंगसाठी इथे यावं लागेल का?

यावं लागेलच असं नाही, पण डीडवरच्या प्रत्येक मालकाची सही हवी, अर्जाच्या टप्प्यापासून. भावाकडून याच घराच्या विक्रीपुरतं मुखत्यारपत्र घ्या. त्यात घराचा पत्ता, ब्लॉक आणि लॉट नंबर, विकण्याचा आणि क्लोजिंगच्या कागदांवर सही करण्याचा अधिकार स्पष्ट असू द्या. ते अमेरिकन वकिलातीत नोटराइज करता येतं किंवा भारतात नोटरी करून त्यावर अपॉस्टिल घेता येतं. भारत २००५ पासून अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. सही करण्याआधी मसुदा टायटल कंपनीला, म्हणजे मालकीची कागदपत्रं तपासणाऱ्या कंपनीला, दाखवा. त्यांना नको असलेल्या शब्दांत झालेलं मुखत्यारपत्र पुन्हा करावं लागतं आणि ऑफरची मुदत तेवढ्यात उलटते.

टायटलचं आणखी एक. आई-वडिलांपैकी कोणाचं नाव डीडवर असेल आणि ते हयात नसतील तर वारसाचं काम आजच सुरू करा. जुनं होम इक्विटी कर्ज फेडूनही नोंदीत तसंच राहिलेलं असतं, तेही बँकेकडून मोकळं करून घ्या. बायआउट अडकण्याची सर्वात कंटाळवाणी आणि सर्वात वारंवार दिसणारी कारणं हीच.

प्रश्न : ऑफर मॉर्गेजपेक्षा कमी आली तर?

मग बँकेच्या संमतीशिवाय व्यवहार होत नाही. उरलेली रक्कम बँकेनं सोडून द्यावी किंवा तुम्ही खिशातून भरावी. सँडीनंतर ब्ल्यू एकर्सनं अशा अनेक घरांसाठी बँकांशी बोलणी करून शॉर्ट सेल, म्हणजे कर्जापेक्षा कमी किमतीतली विक्री, घडवून आणले, तेव्हा केस मॅनेजरला लपवाछपवी न करता खरी शिल्लक सांगा. बँकेकडून ‘उरलेल्या रकमेसाठी पाठी लागणार नाही’ हे लेखी घ्या.

प्रश्न : बाउंड ब्रूकजवळ आमचं भाड्यानं दिलेलं घर आहे. ते बायआउटला दिलं तर भाडेकरूचं काय, आणि कॅपिटल गेन टॅक्स किती?

भाडेकरूचा प्रश्न आधी. तुम्ही स्वेच्छेनं विकताय, पण भाडेकरूला निवड नाही. म्हणून केंद्राच्या पैशातल्या बायआउटमध्ये त्याला युनिफॉर्म रिलोकेशन कायद्याखाली सामान हलवण्याचा खर्च आणि नव्या घराच्या भाड्यासाठी मदत मिळण्याचा हक्क आहे. ती संस्था देते, तुमच्या किमतीतून कापली जात नाही. बायआउटची बोलणी सुरू झाल्यावर भाडेकरूला घाईनं बाहेर काढलंत तर मात्र प्रकरण चिघळतं, कारण नेमक्या त्याच काळात त्याचा हक्क सुरू होतो. संस्थेकडून त्याला नोटीस जाईपर्यंत करार तसाच चालू द्या.

आता कर. राहत्या घराला कलम १२१ ची सवलत असते : मागच्या पाच वर्षांपैकी दोन वर्षं तिथे राहिला असाल तर एकट्याला अडीच लाख आणि जोडप्याला पाच लाख डॉलरपर्यंतच्या नफ्यावर कर नाही. भाड्याच्या घराला ती नाही. पण आयकर कायद्याच्या कलम १०३३(के) नुसार स्टॅफर्ड कायदा (केंद्राचा आपत्ती मदत कायदा) किंवा पूर विमा कायद्याखालच्या मिटिगेशनसाठी, म्हणजे धोका कमी करण्याच्या कामासाठी, सरकारला विकलेली मालमत्ता ‘अनैच्छिक रूपांतर’ मानली जाते, जरी विक्री स्वेच्छेनं झाली असली तरी. म्हणजे ठरलेल्या मुदतीत तशाच प्रकारची दुसरी मालमत्ता घेतलीत तर नफ्यावरचा कर पुढे ढकलता येतो. ही मुदत, सर्वसाधारणपणे, ज्या करवर्षात नफा झाला ते संपल्यापासून दोन वर्षं. अनेक सीपीएंना, म्हणजे कर सल्लागारांना, हे कलम रोज लागत नाही, म्हणून क्रमांक सांगून विचारा. व्यवहार कोणत्या निधीतून झाला, त्याचं पत्र संस्थेकडून घेऊन ठेवा. निव्वळ राज्याच्या पैशातल्या खरेदीला हे कलम लागतं का, हे सीपीए त्यावरूनच ठरवील.

प्रश्न : घर उंच करून घेतलं तर बायआउटची गरजच काय?

पाणी वर्षा-दोन वर्षांनी येऊन काही तासांत ओसरत असेल, रस्ता तेवढ्यात मोकळा होत असेल, तर उंच करणं हा चांगला पर्याय आहे. पाणी जोरात वाहणारं असेल किंवा दोन-दोन दिवस साचत असेल तर उंच घरात तुम्ही कोरडे राहता, पण अडकता. औषध, शाळा, अॅम्ब्युलन्स, सगळं पाण्यापलीकडे. न्यू जर्सीनं जुलै २०२३ मध्ये नदीकाठच्या पूरक्षेत्रांसाठी आधारपातळी दोन फुटांनी वाढवली, त्यामुळे जुन्या अंदाजपत्रकावर विसंबू नका. आणि उंच केलेल्या घराच्या खालच्या जागेत पुन्हा खोल्या काढायच्या नसतात. ती फक्त गाडी, जिना आणि साठवणीसाठी.

प्रश्न : घर पाडल्यावर ती जागा पुढे बिल्डरच्या घशात जाणार नाही कशावरून? बाजूचा मोकळा प्लॉट आम्हाला भाजीपाल्यासाठी मिळेल का?

फेमाच्या पैशातून घेतलेल्या जमिनीच्या डीडवर कायमची अट लिहिली जाते : मोकळी जागा, करमणूक किंवा पाणथळ. क्लोजिंगपासून ९० दिवसांत घर पाडावं लागतं. त्यावर पुढे सार्वजनिक स्वच्छतागृह किंवा चारही बाजूंनी उघडा मांडव चालतो, पण घर, दुकान चालत नाही, आणि पूरसंरक्षक भिंतही नाही. दर तीन वर्षांनी पाहणी करून फेमाला अहवाल द्यायचा असतो. जमीन दुसऱ्या सरकारी किंवा पात्र संवर्धन संस्थेला देता येते, खासगी मालकाला विकता येत नाही. भाजीपाल्यासाठी भाडेपट्ट्यानं देणं नियमात बसतं, म्हणून पालिकेला विचारा. गवत कापण्याचा खर्च वाचत असल्यानं पालिका बहुधा राजी होतात. कुंपण आणि शेड घालण्याआधी मात्र लेखी परवानगी घ्या.

प्रश्न : बायआउटची वाट पाहण्यापेक्षा बाजारात विकून मोकळं व्हावं का?

विकता येईल, पण लपवून नाही. न्यू जर्सीत २० मार्च २०२४ पासून विक्रेत्यानं पूरक्षेत्र, पूर्वीचे पूर, त्यांचं नुकसान यांची माहिती लेखी द्यावीच लागते. भाड्यानं देणाऱ्यालाही भाडेकरूला पुराचा धोका कळवावा लागतो. त्यामुळे भाव खाली येतो आणि उरतात बहुतेक रोखीनं घेणारे गुंतवणूकदार. त्यांची ऑफर आणि बायआउटची अंदाजित रक्कम यांची तुलना करताना बायआउटच्या बाजूला पाडकाम, टायटल, अप्रेझल यांचा खर्च तुमच्यावर येत नाही आणि रिअल्टरचं कमिशनही नाही, हे धरा. गुंतवणूकदाराच्या बाजूला वेळ धरा : दोन-तीन वर्षांचे हप्ते, कर आणि विमा वाचतात. ज्यांना दुसऱ्या राज्यात नोकरी लागली आहे त्यांच्यासाठी ही वजाबाकी कधीकधी गुंतवणूकदाराच्या बाजूनं झुकते.

दोन्ही बाबतींत घरात जुनी हीटिंग ऑइलची टाकी जमिनीत पुरलेली आहे का, हे आधी तपासून घ्या. न्यू जर्सीतल्या जुन्या घरांत ती निघते, गळत असेल तर माती साफ केल्याशिवाय कोणीच पुढे जात नाही, आणि त्या कामाला स्वतंत्र परमिट आणि अहवाल लागतो. बाहेरच्या भिंतीतून निघालेला लोखंडी पाइप किंवा बेसमेंटमधल्या कापलेल्या तांब्याच्या दोन नळ्या दिसल्या तर टाकी शोधणारा माणूस बोलवा.